कर्ज म्हणजे दावं न्हवं

आक्का पहिल्यांदा कुणाच्या घरी गेल्या की आधी मोरी बघायच्या. घरातली बाई सतरंजी अंथरून "बसा की" म्हणेपर्यंत ह्या थेट मोरीपाशी पोचलेल्या असायच्या. वाकून आत डोकावायच्या, बादल्या किती आहेत, पाणी कुठं जातं ते बघायच्या आणि मग येऊन भिंतीला टेकून बसायच्या. त्यानंतर चहा.

मी लग्न होऊन नवीनच आले होते तेव्हाची गोष्ट. माझं माहेर सांगोल्याकडचं, सासर सोलापूरजवळ कुंभारीच्या पुढं. कामगारांसाठी बांधलेल्या घरांची मोठी वसाहत आहे तिथं. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि कोपऱ्यात मोरी, अशी ओळीनं घरं. बहुतेक घरांतून तेलुगू बोलणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायका आणि अधूनमधून आमच्यासारखी खेड्यांतून आलेली कुटुंबं. आमच्या मोरीला तेव्हा दार नव्हतं. दोरीवर एक जुनी चादर टाकलेली होती. आक्कांनी ती चादर दोन बोटांनी बाजूला केली, आत बघितलं आणि बाहेर येऊन माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, "टीव्हीला झालरीचं कव्हर हाय की. मोरीला दार न्हाई. टीव्हीला लाज वाटती व्हय?"

माझे मालक जेवत होते, त्यांना ठसका लागला. सासूबाई मात्र त्या दिवसापासून आक्कांचं नाव काढलं की तोंड फिरवायच्या.

आक्कांनी बायकांचा बचत गट सुरू केला तेव्हा गटानं दिलेलं पहिलं कर्ज मोरीच्या दाराचं होतं. लोक हसले. शेळीसाठी कर्ज, दुकानासाठी कर्ज, लग्नासाठी कर्ज हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोरीच्या दारासाठी कर्ज काढणारी बाई कुणी पाहिली नव्हती. आक्का म्हणायच्या, "एक डोळा बाहेर ठेवून आंघोळ करायची म्हंजे अर्धीच आंघोळ. पूर्ण आंघोळ केलेली बाई दिवसभर येगळी चालती, बघा तुमी." एका घराला पत्र्याचं दार बसलं. मग शेजारणीला पाहिजे झालं. मग समोरच्या ओळीला. वेल्डिंगवाला आपलं सामान घेऊन वसाहतीतच येऊन बसला आणि बरेच दिवस रस्त्याच्या कडेला ठिणग्या उडत राहिल्या. आमच्या घरचं दार सगळ्यात शेवटी बसलं, कारण सासूबाईंनी तोवर हट्ट सोडला नाही.

आक्का मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरची भाषा कानडी. लग्नानंतर सोलापुरात आल्या, विड्या वळता वळता शेजारणींकडून तेलुगू शिकल्या आणि मराठी तर सगळीकडचीच. रागवायच्या मराठीत, समजूत काढायच्या तेलुगूत आणि पैसे मोजायच्या कानडीत. बैठकीत बचत गोळा झाली की नोटा मांडीवर ठेवून "ओंदु, एरडु, मूरु" असं सुरू व्हायचं. कुणी हसलं तर म्हणायच्या, "पैसा आईच्या भाषेत मोजावा. चुकत न्हाई." अंगानं बुटक्या, आवाज मात्र ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकाला जाईल असा. त्यांच्यापेक्षा वयानं मोठ्या बायकाही त्यांना आक्काच म्हणत. खरं नाव बँकेच्या कागदावर लिहिताना तेवढं ऐकू यायचं, आणि तेव्हा आम्हाला ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायचं.

बैठक समाजमंदिरात भरायची. कर्ज पाहिजे असेल त्या बाईनं उभं राहून, कशासाठी पाहिजे ते सगळ्यांसमोर सांगायचं, हा आक्कांचा नियम. पुटपुटलेलं चालायचं नाही. त्या कानामागं हात धरायच्या. "ऐकू न्हाई आलं. गट बहिरा हाय. मोठ्यानं सांग."

ऐकायला सोपं वाटतं. पण उभं राहून चारचौघींत स्वतःचं नाव घ्यायची वेळही कित्येक जणींवर आली नव्हती. कुणाच्या पायाचा अंगठा जमीन उकरायला लागायचा. कुणी पदर तोंडात धरायची. एक बाई "पोराच्या शाळेसाठी" असं तीनदा म्हणाली, दर वेळी आवाज थोडा चढवून, आणि शेवटी खाली बसून म्हणाली, "न्हाई आक्का. दिराला मोबाईल पायजे." आक्कांनी तिला रागावलं नाही. "बरं झालं सांगितलंस. आता दिराला म्हणावं, गटानं न्हाई म्हटलं. तुझ्यावर यायला नको," एवढंच बोलल्या. त्या बाईच्या चेहऱ्यावर जे सुटल्यासारखं दिसलं ते मला अजून आठवतं.

माझी पाळी आली तेव्हा मी शिवणाच्या मशीनसाठी उभी राहिले. मालक यंत्रमागावर होते आणि कारखाना आठवड्यातले काही दिवस बंद राहायला लागला होता. धाकटी लेक अजून कडेवर होती. घरबसल्या काही करावं, तर मशीन, असं सगळ्याच म्हणत होत्या.

"नको," आक्का म्हणाल्या. "कॉलनीत फाटकी कापडं कमी आन् मशिनी जास्त झाल्यात. दुसरं काय येतं तुला?"

"काही येत नाही."

"म्हायेरात काय करत हुतीस?"

"मेंढरं."

"किती?"

"शंभरेक असतील."

"रस्त्यानं न्यायचीस?"

"न्यायचीच की. वडील पुढं, मी मागं."

"ट्रक, एस.टी. यायच्या?"

"सारख्या यायच्या."

"एक तरी मेंढरू चाकाखाली गेलं?"

"न्हाई," मी म्हणाले, आणि ते मात्र मोठ्यानं निघालं.

आक्कांनी बायकांकडं बघितलं. "हिला रिक्षा."

सगळ्या हसल्या. मीही हसले. आक्का मात्र हसल्या नाहीत.

त्यांनी हे आधीच मनात धरलेलं होतं, फक्त माणूस सापडत नव्हता. मोऱ्या बघत घरोघर फिरताना त्यांना एक गोष्ट दिसली होती. दहावी झालेल्या पोरी घरात बसत होत्या. शहरातलं कॉलेज लांब, बस मोजक्या, आणि वडापच्या रिक्षात दाटीवाटीनं पुरुषांच्या मधोमध बसून जायचं म्हटलं की आया नको म्हणत. पोरगी घरी बसली की हाताशी सूप येई, विड्या सुरू होत, आणि दोनेक वर्षांत लग्न. "बाईची रिक्षा असली तर आया पाठवत्यात. मी आठ घरं इचारून बघितली," आक्का म्हणाल्या. "आता न्हाई म्हणायचं असलं तर मोठ्यानं म्हण."

मी नाही म्हणाले नाही. घरी मालकांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "शिकून तर बघ. शिकलेलं कुठं जातंय." सासूबाईंनी भांडी आपटली.

गटाला बँकेतून मिळालेल्या कर्जातला एक वाटा माझ्या नावावर निघाला आणि एक जुनी रिक्षा आली. आमच्याच ओळीत सिटी बसवरून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका होते, त्यांनी शाळेमागच्या मैदानात शिकवायचं कबूल केलं. पहिल्या दिवशी बघते तर आक्का मागच्या सीटवर बसलेल्या, दोन्ही बाजूंना ज्वारीचं एकेक पोतं.

"आक्का, हे काय?"

"रिकामी रिक्षा कुणीबी हाकंल. माणसं वजनासकट येत्यात."

मैदानात खड्डे होते. रिक्षा उडाली की मागून "होगली, होगली" असा आवाज यायचा. कानडीत त्याचा अर्थ "जाऊ दे." एकदा मी इतक्या जोरात ब्रेक दाबला की पोतं त्यांच्या पायावर आलं. काका माझ्यावर ओरडले. आक्का पाय चोळत म्हणाल्या, "थांबली ना गाडी? मग झालं." दुसऱ्या दिवशी लंगडत आल्या आणि पोतं डावीकडचं उजवीकडं करून पुन्हा बसल्या.

लायसन झालं, बॅज झाला, आणि मी गाडी घेऊन वसाहतीच्या तोंडाशी असलेल्या स्टँडवर गेले. तिथं खरा प्रश्न सुरू झाला.

स्टँडचा कारभार ज्यांच्या हातात होता त्यांना सगळे अण्णा म्हणत. माणूस वाईट नव्हता. रिक्षा ओळीनं लागायच्या, नंबर येईल तशी सीट, म्हणजे प्रवासी, भरायची, भांडण झालं तर अण्णा मिटवणार. त्यांनी माझी गाडी ओळीत लागू दिली नाही.

"वैनी, राग मानू नका. हे बाईमाणसाचं काम न्हाई. उद्या काय झालं तर स्टँडचं नाव जाणार."

मी गाडी पुढं नेऊन उभी केली. माझ्याकडं येणाऱ्या सीटला कुणी तरी हाक मारून वळवून न्यायचं. दुपारपर्यंत उन्हात उभी राहून मी रिकामी परतले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कुणी तरी पुढच्या चाकातली हवा सोडली. हप्ता तर थांबणार नव्हता. घरी येऊन मी मालकांना म्हणाले, "विकून टाकू."

त्या आठवड्याच्या बैठकीत ही गोष्ट निघाली. गटाची सचिव रेणुका होती. शिकलेली, हिशेबाला चोख आणि जरा तापट. ती उभी राहिली. "आक्का, अण्णाच्या रिक्षाचं इंजिन कुणाच्या पैशानं झालं? आपल्या. नरसम्माच्या नावावर कर्ज हाय. दोन हप्ते मागं हायत. सांगू या त्याला, हिचा नंबर लाव न्हाईतर सगळं कर्ज एका दमात भर. सरळ होईल."

नरसम्मा म्हणजे अण्णांची बायको. ती तिथंच बसली होती, खांबाजवळ. सगळ्या माना तिकडं वळल्या. तिनं हातातलं पासबुक पदराखाली घेतलं आणि खाली बघत राहिली. खरं सांगायचं तर मला रेणुकाचं बोलणं पटलं होतं. माझ्या गाडीचं चाक बसलं होतं आणि समोर उपाय दिसत होता.

आक्कांनी मांडीवरच्या नोटा रुमालात बांधल्या, गाठ मारली.

"रेणुका, खाली बस," त्या म्हणाल्या. मग आमच्याकडं बघून बोलायला लागल्या. एरवी सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं बोलणारी बाई, त्या दिवशी जवळ सरकून ऐकावं लागलं.

"आपला गट व्हायच्या आधी मी एका कर्ज देणाऱ्या कंपनीच्या गटात हुते. दहा जणी. एकीचा हप्ता चुकला की नऊ जणींनी तिच्या दारात जाऊन बसायचं, पैसा निघंस्तवर उठायचं न्हाई. साहेब मोटारसायकलवर बसून बघायचा. मीबी बसले एकदा. तिची पोरं शाळेतनं आली तर दारात आमी. त्यास्नी आत जायला वाट न्हाई. बाई आत भिंतीकडं तोंड करून बसलेली. ती माझ्या ओळीतली, माझ्याकडनं विरजण न्यायची." थोडं थांबून म्हणाल्या, "पैसा निघाला. कुटनं काढला ठाऊक न्हाई. पुढच्या आठवड्यात घराला कुलूप. बाई कुटं गेली, पोरं कुटं गेली, आजपतोर मला कळलं न्हाई. इचारत आसते मी अजून."

आक्कांनी रुमालाची गाठ पुन्हा आवळली.

"म्हनून हा गट काढला. कर्ज म्हंजे दावं न्हवं, बाईला खुंट्याला बांधायला. नरसम्माचा हप्ता मागं हाय, ते तिचं आन् गटाचं बघू. तिच्या नवऱ्यानं काय केलं ते येगळं. ह्याची त्याला गाठ मारायची आसंल तर मला आधी काढा आन् मग मारा."

नरसम्मा हळूच म्हणाली, "आक्का, मी सांगून बघते त्यांना."

"सांगू नकोस. तुला घरात ऱ्हायाचंय. स्टँडचं मी बघते."

बैठक तिथंच संपली. बाहेर आल्यावर रेणुका मला म्हणाली, "आता बस रडत." मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का सूप, पानं, तंबाखू असं सगळं घेऊन स्टँडवर गेल्या आणि कट्ट्यावर विड्या वळत बसल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. रिक्षावाल्यांना वाटलं, आता भाषण होणार, मोर्चा येणार. काहीच नाही. आक्का पानं कापतायत, वळतायत, दोरा गुंडाळतायत. दुपारी डबा उघडून भाकरी खाल्ली आणि शेजारी बसलेल्या पोरालाही अर्धी दिली. दुसऱ्या दिवशी परत तेच. हळूहळू ते लोक आक्का तिथं आहेत हे विसरले आणि आपापसांत बोलायला लागले. कुणाचा नंबर चुकला, कुणाला लांबची सीट मिळाली, पहाटेचा नंबर कुणाच्या गळ्यात मारायचा. पहाटेचा नंबर कुणालाच नको असायचा. सीट मिळायची नाही, झोप जायची. चिठ्ठी टाकून ज्याचं नाव निघेल तो शिव्या देत यायचा, आणि बऱ्याचदा यायचाच नाही.

आक्कांनी सूप बाजूला ठेवलं. "अण्णा, नवा गडी आला तर त्याला कुटला नंबर देता?"

"शेवटचा. मग हळूहळू वर सरकतो."

"आन् पहाटंचा?"

अण्णा हसले. "तो कोण घेतंय."

"हिला द्या. रोजचा. चिठ्ठी बंद करा तुमची."

"पहाटे? बाईमाणूस?"

"मेंढराच्या पाठीमागं पहाटंच उठायची ती. आन् अण्णा, पहाटं सीट कोण आसतंय? मार्केट यार्डाला भाजी आणायला जाणाऱ्या बाया. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बाया. सकाळच्या कॉलेजच्या पोरी. पुरुष झोपलेलं आसतंय."

अण्णांनी इतरांकडं बघितलं. चिठ्ठीतून सुटका म्हटल्यावर दोघा-तिघांनी लगेच मान हलवली. "बघा बुवा," अण्णा म्हणाले. "महिनाभर बघू."

असा माझा नंबर लागला. पहिले काही दिवस मी अंधारात एकटीच उभी असायचे. आक्का आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन आयांशी बोलायच्या. मग एक भाजीवाली आली. मग तिच्या दोघी मैत्रिणी. मग पहिली कॉलेजची पोरगी आली, तिची आई तिला रिक्षापर्यंत सोडायला आली आणि माझ्याकडं बघून "नीट ने गं" म्हणाली. उन्हाळा संपेपर्यंत पहाटेच्या दोन फेऱ्या भरून जायला लागल्या. तेव्हा स्टँडवर कुणी तरी म्हणालं की पहाटेचा नंबर एकटीलाच का, सगळ्यांना फिरता पाहिजे. अण्णांनी तसा नियम केला आणि त्याच नियमानं मला दिवसाच्या ओळीत जागा मिळाली. मी ही बातमी सांगितली तेव्हा आक्का इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. "धंदा दिसला की नेम बदलतोय बघ."

नरसम्मानं आपले मागचे हप्ते दिवाळीपर्यंत भरले. त्याबद्दल कुणी कधी काही बोललं नाही.

आक्कांचं घरचं मात्र इतकं सरळ झालं नाही. त्यांना एकच मुलगा. त्याला मोठी मोटारसायकल घ्यायची होती, आणि त्यासाठी त्यानं बायकोला बैठकीत उभं केलं. सून गरीब पोरगी होती. ती उठली आणि दूधधंद्यासाठी कर्ज पाहिजे म्हणाली. आक्कांनी कानामागं हात धरला. आम्हाला वाटलं, निदान सुनेला तरी त्या सोडतील.

"ऐकू न्हाई आलं. किती म्हशी घेणार?"

"एक."

"बांधणार कुटं?"

सुनेनं सासूकडं बघितलं आणि रडायला लागली. "आत्या, गाडी पाहिजे त्यांना. मला नगं हाय."

कर्ज मिळालं नाही. मुलानं त्याच आठवड्यात बिऱ्हाड हलवलं आणि बायकोमुलाला घेऊन शुक्रवार पेठेत भाड्याच्या खोलीत गेला. जाताना म्हणाला, "जगाला पैसा वाटतीस, मला एक गाडी दिली न्हाईस. ऱ्हा आता गट घेऊन." आक्कांनी त्याला थांबवलं नाही. संध्याकाळी मी गेले तर दारात बसून नातवाची राहिलेली एक चप्पल पुसत होत्या. "एवढीच इसरली," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या रिक्षातून शुक्रवार पेठेत गेल्या, खोलीच्या दारात चप्पल ठेवली आणि आत न जाता परत आल्या. सून पुढं महिन्यातून एकदा बैठकीला येत राहिली, तेवढाच त्यांचा धागा. मुलगा अजूनही तुटक बोलतो.

मागच्या वर्षी आक्कांनी गटाचं अध्यक्षपद सोडलं. कुणी सोडा म्हटलं नव्हतं. उलट एका पुढाऱ्यानं निवडणुकीला उभं राहायचा निरोप पाठवला होता, त्याला त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. कारण काय तर एका नव्या बाईनं बैठकीत विचारलं, "आक्कांचा गट तो हाच ना?" आक्कांनी त्याच दिवशी रुमाल सोडून नोटा रेणुकापुढं ठेवल्या. "माझा गट म्हणाय लागली. म्हंजे जायाची वेळ झाली."

आम्हाला वाटलं, आता विसावा घेतील. तर म्हणाल्या, श्रीपूरला जायचं, साखर कारखान्यावर.

एस.टी.त त्यांना कधी तरी ऊसतोडीची एक बाई भेटली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एकच मजूर धरतात, हंगामाची आगाऊ उचल नवऱ्याच्या हातात देतात, आणि बाईच्या नावावर काहीच नसतं, हे त्यांनी तिच्याकडून ऐकलं होतं. ते त्यांच्या डोक्यातून जाईना. "दोघं मिळून एक कोयता म्हणं. अर्ध्या कोयत्याला पासबुक काढता येत न्हाई व्हय?" रेणुकानं समजावलं, की ते लोक हंगाम संपला की आपापल्या गावी जातात, त्यांचा गट टिकणार कसा, पैसे परत येणार कसे. मालकांनी समजावलं. मीही वयाचं बोलून बघितलं. आक्का ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "व्हय, अवघड हाय." आणि पिशवी भरत राहायच्या.

कारखाना सुरू झाल्यावर मी त्यांना एस.टी.नं पोचवून आले. कारखान्याजवळच्या वस्तीत त्यांनी एक खोली घेतली होती. दोनेक महिने निरोप आला नाही तेव्हा मला राहवेना. लेकीला मालकांच्या हवाली केलं आणि गेले.

दुपार कलत होती. उसाच्या गाड्यांची लांब रांग लागलेली, हवेत मळीचा गोडसर वास. तोडणीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, रस्त्यापलीकडच्या माळावर होत्या, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या. एका ताडपत्रीखाली आक्का बसल्या होत्या आणि त्यांच्या अंगाखांद्यावर पोरं होती. एक मांडीवर झोपलेलं, एक पाठीवर लोंबकळणारं, दोन जवळच मातीत. आयाबाप उसाच्या फडात तोडणीला गेलेले.

"गट कुठाय?" मी विचारलं.

"कशाचा गट. पहिल्या दिवशी गेले तर म्हणाल्या, कुटली कंपनी? कुत्रं सोडलं एकीनं." त्यांनी पोटरी दाखवली, दातांचे वण होते. "म्हटलं, आधी पोरं सांभाळू. पोरं फडात पाचटावर टाकून तोडत्यात त्या. अनोळखी बाईला कोण पैसा देईल? पोरं बी पहिल्यांदा कुणी दिली न्हाईत."

त्या वाळल्या होत्या. आवाज बसला होता. मी म्हणाले, "चला आता घरी. खूप झालं." त्यांनी मांडीवरच्या पोराच्या तोंडावरची माशी हाकलली. "हंगाम अजून हाय की."

दिवस मावळायला गाड्या परत आल्या. बायका उतरून पोरं घेऊन जायला लागल्या. काळवंडलेले हात, डोक्याला बांधलेली फडकी. शेवटी एक तरणी बाई आली. तिनं झोपलेलं पोर खांद्यावर घेतलं, दोन पावलं गेली, आणि परत फिरली. कनवटीतून एक दहाची नोट काढली आणि आक्कांच्या पुढं धरली.

"पोर सांभाळायचं न्हाई घेत मी," आक्का म्हणाल्या.

"त्याचं न्हाई. ठिवा तुमच्याकडं. माज्या नावावर." तिनं मागं कोप्यांकडं एकदा बघितलं. "त्यास्नी ठावं न्हाई."

आक्कांनी नोटेला हात लावला नाही. मला वाटलं, घ्यावी आता ह्या बाईनं, किती दिवस ह्याचसाठी बसलीय.

"एकटीचं घेतलं तर उद्या एकटीच मार खाशील," त्या म्हणाल्या. "अजून नऊ जणी आण. सगळ्यांच्या म्होरं घेऊ, चोरून न्हाई."

"न्हाई येणार कोन."

"इचारलंस?"

ती नोट मुठीत धरून उभी राहिली. चुली पेटायला लागल्या होत्या, माळावर धूर खाली उतरत होता. मी घड्याळ बघितलं, माझी शेवटची एस.टी. निघायची वेळ झाली होती. आक्कांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण नजर त्या बाईवरच होती.

ती वळली आणि पहिल्या कोपीशी जाऊन वाकली. आत काही बोलली. तिथून पुढच्या कोपीशी गेली. मी पिशवी उचलली होती ती खाली ठेवली आणि आक्कांच्या शेजारी बसले. बराच वेळ कुणीच बाहेर आलं नाही. मग दुसऱ्या कोपीतून एक म्हातारी पीठ लागलेले हात झाडत निघाली आणि आमच्याकडं चालायला लागली. तिच्या मागं, अंतर ठेवून, अजून दोघी.